बागेतील वनस्पतींमुळे कुत्र्यांना होणारी विषबाधा

बागेतील वनस्पतींमुळे कुत्र्यांना होणारी विषबाधा म्हणजे शोभेसाठी, कुंपणासाठी, पूजेच्या फुलांसाठी किंवा भाजीपाल्यासाठी लावलेल्या वनस्पतींचे पान, फूल, फळ, बी, कंद अथवा चीक कुत्र्याच्या पोटात गेल्याने त्याच्या शरीरावर होणारा अपायकारक परिणाम होय. बहुतेक वेळा हा परिणाम लाळ गळणे, वांती व अतिसार यांपुरता मर्यादित राहतो. तथापि कण्हेर, पिवळी कण्हेर (बिट्टी), सायकस, एरंड, गुंज, कळलावी अशा काही वनस्पती अल्प प्रमाणातही प्राणघातक ठरू शकतात. यांपैकी काहींच्या विषबाधेत सुरुवातीची लक्षणे ओसरून प्राणी बरा झाल्यासारखा दिसतो आणि खरी हानी त्यानंतर एक ते तीन दिवसांनी प्रकट होते. म्हणून खाल्लेली वनस्पती नेमकी ओळखणे आणि लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याकडे जाणे, या दोन गोष्टींना उपचारांत निर्णायक महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील बागांत आढळणाऱ्या अनेक वनस्पतींचे विषारी गुण भारतीय वैद्यकाला पूर्वीपासून ज्ञात आहेत. शार्ङ्गधरसंहितेत अर्क (रुई), स्नुही (निवडुंगाचा एक प्रकार), धत्तूर (धोतरा), लांगली (कळलावी), करवीर (कण्हेर), गुंजा (गुंज) व अहिफेन (अफू) ही सात उपविषे सांगितली आहेत. अफू वगळता बाकीच्या सहाही वनस्पती आज घराच्या आवारात, कुंपणावर किंवा रस्त्याच्या कडेला सहज दिसतात. कण्हेरीला संस्कृतात 'अश्वमारक' हेही नाव आहे. घोड्यासारख्या मोठ्या जनावरालाही ती मारक ठरते, हे त्या नावातूनच सूचित होते.

रुईच्या पानांचा हार मारुतीला व धोतऱ्याचे फूल-फळ शंकराला वाहण्याची प्रथा आहे. कण्हेर व बिट्टी यांची फुले देवपूजेत वापरली जातात. त्यामुळे या वनस्पती मुद्दाम लावल्या व जपल्या जातात. गुरे कण्हेरीला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून ती कुंपणासाठी व महामार्गांच्या दुभाजकांत निवडली जाते. कुत्र्याच्या बाबतीत मात्र हा भरवसा उपयोगी पडत नाही. गुरे चव घेऊन चरतात. कुत्रा पुष्कळदा खेळण्याच्या ओघात चावतो आणि चव लागण्यापूर्वीच गिळतो.

विषबाधेची कारणे

गवत खाणे हे कुत्र्यांचे स्वाभाविक वर्तन असून ते आजाराचे लक्षण मानले जात नाही. विषारी वनस्पती पोटात जाण्याची कारणे बहुधा वेगळी असतात. पिलांचे दुधाचे दात पडून कायमचे दात येण्याचा काळ साधारणपणे वयाच्या चौथ्या ते सातव्या महिन्यात असतो. या काळात हिरड्या शिवशिवत असल्याने पिले हाती लागेल ती वस्तू चावतात. दिवसभर एकटे राहणारे कुत्रे कंटाळ्यापोटी कुंड्या उकरतात. बाग छाटल्यानंतर जमिनीवर पडलेल्या फांद्या, फेकून परत आणायला लावलेली काठी, पावसाळ्यात उघडे पडलेले कंद आणि झाडाखाली गळलेल्या बिया ही विषबाधेची नेहमीची निमित्ते होत. फांदी वाळल्याने विष नाहीसे होईलच असे नाही. कण्हेरीची वाळलेली पानेही विषारी असतात.

प्रमुख विषारी वनस्पती

हृदयावर परिणाम करणाऱ्या

कण्हेर (नेरियम ओलिअँडर) हिच्या सर्व भागांत ओलिअँड्रिन व त्यासारखी हृद्य ग्लायकोसाइडे असतात. ही द्रव्ये हृदयाच्या स्नायुपेशींतील सोडियम व पोटॅशियम यांची देवाणघेवाण करणारी यंत्रणा बंद पाडतात. परिणामी हृदयाचे ठोके मंद किंवा अनियमित होतात. वांती, लाळ गळणे, पोटदुखी व सुस्ती ही लक्षणे काही तासांतच दिसू लागतात. थोडी पानेही लहान चणीच्या कुत्र्याला घातक ठरू शकतात. कण्हेरीची फुले वा फांद्या ठेवलेल्या फुलदाणीतील पाण्यातही विष उतरते.

पिवळी कण्हेर अर्थात बिट्टी (कॅस्काबेला थेवेशिया) ही वनस्पतिशास्त्रदृष्ट्या वेगळ्या प्रजातीतील असली, तरी तिच्यातील थेवेटिनचा परिणाम असाच असतो. तिच्या बिया विशेष विषारी असतात. कुंडीत लावले जाणारे अडेनियम याच कुळातील आहे. आफ्रिकेत त्याचा रस बाणांना लावण्याच्या विषासाठी वापरला जात असे. रुईच्या चिकातही हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात आणि हा चीक डोळ्यात गेल्यास पारपटलाला सूज येते. पानफुटी व तिच्या वर्गातील कलांचो या वनस्पतींत, विशेषतः त्यांच्या फुलांत, बुफाडायएनोलाइड नावाची हृद्य विषे असतात.

यकृतावर परिणाम करणाऱ्या

सायकस ही कुत्र्यांसाठी सर्वांत धोकादायक शोभिवंत वनस्पतींपैकी एक आहे. सोसायट्यांची प्रवेशद्वारे, हॉटेलांची आवारे व घरांच्या गच्च्या येथे सायकस रिव्होल्युटा ही जाती लावलेली दिसते. सायकस सर्सिनॅलिस ही तिची भगिनी जाती पश्चिम घाटातील आहे. पाने, खोड, मुळे व बिया असे सर्वच भाग विषारी असले, तरी बियांत विष सर्वाधिक असते. एकदोन बिया खाऊन कुत्रे दगावल्याच्या नोंदी पशुवैद्यकीय साहित्यात आहेत. सायकासिन हे यातील प्रमुख विष होय. आतड्यातील जिवाणू त्याचे विघटन करतात व त्यातून मोकळे होणारे द्रव्य यकृताच्या पेशी नष्ट करते.

घाणेरी (टणटणी) हिच्यातील लँटाडीन या द्रव्यांमुळे गुराढोरांना यकृताचा विकार व कावीळ होते. कुत्र्यांत मुख्यतः वांती, अतिसार व अशक्तपणा आढळतो. तिची कच्ची हिरवी फळे अधिक घातक मानली जातात.

पेशींच्या कार्यावर परिणाम करणाऱ्या

एरंडाच्या बियांत रायसिन व गुंजेच्या बियांत अब्रिन ही प्रथिनरूप विषे असतात. पेशीत शिरल्यावर ती प्रथिनांची निर्मिती थांबवतात. या दोन्ही बियांचे कवच कठीण असते. बी न चावता गिळली गेली तर ती तशीच विष्ठेवाटे बाहेर पडू शकते. चावली गेली तर विष मोकळे होते. सोनाराच्या तराजूत वजन म्हणून वापरली जाणारी गुंज आजही शोभेच्या वस्तूंत व माळांत ओवलेली आढळते. ओवण्यासाठी भोक पाडलेली गुंज अखंड गुंजेपेक्षा अधिक धोकादायक असते, कारण तिचे संरक्षक कवच आधीच भेदलेले असते. या विषबाधेची लक्षणे काही तासांत दिसू लागतात. क्वचित ती दिसायला एकदोन दिवसही लागतात.

कळलावी (ग्लोरिओसा सुपर्बा) ही लाल-पिवळ्या फुलांची वेल पावसाळ्यात सह्याद्रीच्या परिसरात उगवते व बागांतही लावली जाते. तमिळनाडूचे ते राज्यफूल आहे. तिच्या कंदात कोल्चिसीन भरपूर असते. प्रथम तीव्र वांती व रक्तमिश्रित अतिसार होतो. पुढे काही दिवसांत अस्थिमज्जेचे कार्य मंदावून रक्तपेशी घटतात.

मज्जासंस्थेवर परिणाम करणाऱ्या

धोतरा व त्याच्या जवळची, खाली लोंबणाऱ्या फुलांची ब्रुगमान्शिया यांत ॲट्रोपिन, स्कोपोलामाइन व हायोसायमाइन ही अल्कलॉइडे असतात. त्यांमुळे बाहुल्या विस्फारतात, तोंड कोरडे पडते, हृदयाची गती वाढते, प्राणी बेचैन होतो व भेलकांडतो.

ब्रुन्फेल्सिया या झुडपाची फुले प्रथम जांभळी असतात, मग फिकट होत पांढरी होतात. त्याची फळे व बिया खाल्लेल्या कुत्र्यांना कंप सुटतो व आकडी येते. ही लक्षणे स्ट्रिक्नीनच्या विषबाधेसारखी दिसतात. स्ट्रिक्नीन हे कोकण व गोव्यात आढळणाऱ्या काजरा या वृक्षाच्या बियांतील विष होय. कुंपणासाठी लोकप्रिय असलेल्या डुरांटाची पिवळी फळेही कुत्र्यांना गुंगी, वांती व झटके आणू शकतात.

तोंड व पचनसंस्था यांचा दाह करणाऱ्या

डायफेनबाखिया, मनीप्लांट, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, कॅलेडियम व अळू या एकाच कुळातील वनस्पतींत कॅल्शियम ऑक्झालेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावताच ते तोंडाच्या आतील त्वचेत रुततात. कुत्रा पंजाने तोंड खाजवतो, त्याची लाळ गळते, जीभ व ओठ सुजतात. ही विषबाधा क्वचितच प्राणघातक असते. परंतु घशाला सूज आल्यास श्वासाला अडथळा येऊ शकतो. कोरफडीच्या सालीखालील पिवळ्या चिकामुळे जुलाब होतात. शेर, निवडुंगासारखे दिसणारे युफोर्बिया व पॉइन्सेटिया यांचा पांढरा चीक दाहक असतो. पॉइन्सेटिया अत्यंत विषारी असल्याचा समज रूढ आहे. प्रत्यक्षात तिचा परिणाम सौम्य असतो. शेराचा चीक मात्र डोळ्यात गेल्यास गंभीर इजा करतो.

परसबागेतील पिके

द्राक्षे व बेदाणे यांमुळे काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. किती प्रमाण घातक ठरेल हे प्रत्येक कुत्र्यागणिक बदलते, त्यामुळे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही. द्राक्षातील टार्टारिक आम्ल हे याचे कारण असावे, असे मत २०२१ मध्ये मांडले गेले. चिंचेतही हे आम्ल भरपूर असते. महाराष्ट्रात नाशिक व सांगली हे द्राक्षांचे प्रमुख जिल्हे असल्याने तेथील बागांत व बेदाण्याच्या शेडवर राखणीसाठी ठेवलेल्या कुत्र्यांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. कांदा व लसूण यांतील गंधकयुक्त संयुगे तांबड्या रक्तपेशी फोडतात. अशक्तपणा, फिकट हिरड्या व गडद रंगाची लघवी ही लक्षणे काही दिवसांनी दिसतात. शिजवल्यानेही हा दोष जात नाही.

खते व कीडनाशके

बागेतील विषबाधा प्रत्येक वेळी झाडामुळेच होते असे नाही. एरंडीची पेंड हे लोकप्रिय सेंद्रिय खत तेल काढल्यानंतर उरणाऱ्या चोथ्यापासून बनते. रायसिन तेलात न जाता चोथ्यात राहते. पेंडीवर पुरेशी उष्ण प्रक्रिया झालेली नसल्यास ती विषारी राहते आणि तिच्या वासाने व चवीने कुत्रे आकर्षित होतात. हाडांच्या चुऱ्यासोबत ती मिसळली असता हा धोका वाढतो. गोगलगायींसाठी टाकल्या जाणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्याही कुत्र्यांना खाद्यासारख्या वाटतात; त्यांमुळे तीव्र कंप, झटके व ताप येतो.

नावांमुळे होणारा गोंधळ

दूरध्वनीवरून सल्ला घेताना वनस्पतीचे बोलीतील नाव दिशाभूल करू शकते. सायकस ही रोपवाटिकांत 'सागो पाम' म्हणून विकली जाते. परंतु ती ताडवर्गातील नाही. अरेका पाम हा खरा ताडवर्गीय असून कुत्र्यांना विषारी मानला जात नाही. 'सागो' या शब्दामुळे साबुदाण्याशी जोडला जाणारा संबंधही चुकीचा आहे. भारतातील साबुदाणा कसाव्हाच्या कंदापासून बनतो.

'लिली' हे नाव तर परस्परांहून अगदी भिन्न वनस्पतींना दिले जाते. खऱ्या लिली मांजरांच्या मूत्रपिंडांना घातक असतात, कुत्र्यांत त्यांचा परिणाम बहुधा पोटापुरता असतो. पीस लिलीत अळूसारखे स्फटिक असतात. स्पायडर लिलीच्या कंदात वांतिकारक लायकोरिन असते. ग्लोरी लिली म्हणजे कळलावी. 'लकी बांबू' हा बांबू नसून ड्रॅसिना आहे. त्यामुळे तोंडी नावापेक्षा फांदीचा तुकडा किंवा पान, फूल व फळ दिसेल असे छायाचित्र अधिक विश्वसनीय ठरते.

लक्षणे आणि फसवा मध्यंतर

विषानुसार लक्षणे दिसण्याचा काळ बदलतो. अळूवर्गीय वनस्पतींचा दाह त्याच क्षणी जाणवतो. धोतऱ्याचा परिणाम सुमारे अर्ध्या तासापासून काही तासांत दिसतो, तर कण्हेरीचा काही तासांत. सायकसच्या विषबाधेत मात्र दोन टप्पे असतात. पहिल्या काही तासांत वांती व अतिसार होतात. त्यानंतर कुत्रा शांत होतो, कधी थोडे खातोही. या मध्यंतरात यकृताचा नाश चालू असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हिरड्या व डोळ्यांचे पांढरे भाग पिवळे पडणे, पोटात पाणी होणे, रक्त न गोठणे, भोवळ व झटके ही लक्षणे उद्भवतात. या टप्प्यावर उपचार सुरू झाल्यास जगण्याची शक्यता बरीच कमी होते.

द्राक्षांच्या विषबाधेतही सुरुवातीच्या वांतीनंतर एक ते तीन दिवसांनी लघवी कमी होणे वा बंद होणे हे लक्षण दिसते. म्हणून 'वांती झाली, पोट मोकळे झाले' एवढ्यावरून प्राणी धोक्याबाहेर आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. वांतीत सर्व विष बाहेर पडतेच असे नाही.

प्राथमिक उपचार

विषारी वनस्पती खाल्ल्याचा संशय आल्यास पुढील क्रम पाळला जातो.

१. कुत्र्याला वनस्पतीपासून दूर करावे. चावण्याचा धोका नसल्यास तोंडातील तुकडे काढावेत व ओल्या फडक्याने तोंड पुसावे. डोळ्यात चीक गेला असल्यास डोळा स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावा.
२. खाल्लेल्या वनस्पतीची फांदी, उरलेल्या बिया व वांतीचा नमुना पिशवीत घ्यावा.
३. खाल्ल्याची अंदाजे वेळ, प्रमाण व कुत्र्याचे वजन नोंदवावे.
४. पशुवैद्याला दूरध्वनी करून तत्काळ दवाखाना गाठावा.

घरच्या घरी मीठ-पाणी पाजून वांती करवू नये; त्यामुळे रक्तातील सोडियम वाढून प्राणी दगावू शकतो. दूध, तूप वा तेल पाजल्याने विष उतरते या समजुतीला आधार नाही. बळजबरीने पाजलेला द्रव श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाचा दाह होण्याची भीती असते. बेशुद्ध, झटके येत असलेल्या किंवा दाहक चीक गिळलेल्या कुत्र्याला वांती करवणे विशेष धोक्याचे असते.

पशुवैद्यकीय उपचार

खाऊन थोडाच वेळ झाला असल्यास पशुवैद्य ॲपोमॉर्फिनसारख्या औषधाने वांती करवतात. त्यानंतर विष शोषून घेण्यासाठी सक्रिय कोळसा दिला जातो. त्याची मात्रा सामान्यतः दर किलो वजनास १ ते २ ग्रॅम असते. शिरेवाटे द्रव देणे, हृदयाचा आलेख काढणे व रक्तातील पोटॅशियम तपासणे हे कण्हेरवर्गीय विषबाधेत आवश्यक असते. ठोके मंदावल्यास ॲट्रोपिन वापरले जाते. डिगॉक्सिनविरोधी प्रतिपिंडे उपयोगी असली, तरी ती महाग असून सहज उपलब्ध नसतात. सायकसच्या विषबाधेत यकृताच्या रक्षणासाठी ॲसिटिलसिस्टीन दिले जाते व यकृताच्या चाचण्या काही दिवस पुन्हा पुन्हा केल्या जातात. रायसिन, अब्रिन व सायकासिन यांवर विशिष्ट उतारा नाही. म्हणून विष शोषले जाण्यापूर्वी मिळालेले पहिले तास अधिक मोलाचे असतात.

अमेरिकेत प्राण्यांच्या विषबाधेसंबंधी दूरध्वनी सल्ल्याचे काम इलिनॉय विद्यापीठात १९७८ मध्ये सुरू झाले. ते आज एएसपीसीए ही संस्था चालवते. ब्रिटनमध्येही अशी स्वतंत्र सेवा आहे. मुंबईत परळ येथे १८८६ मध्ये स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय व प्राण्यांचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे.

प्रतिबंध

सर्व विषारी झाडे तोडणे बहुधा शक्य नसते व आवश्यकही नसते. धोक्याच्या प्रमाणात उपाय योजणे व्यवहार्य ठरते. कुत्रा असलेल्या घरी सायकस व कण्हेर लावू नये किंवा त्यांना कुत्रा पोहोचणार नाही असे कुंपण घालावे. सायकसच्या मादी झाडावर बिया धरताच त्या काढून टाकाव्यात. छाटलेल्या फांद्या त्याच दिवशी उचलाव्यात. कळलावीसारखे कंद उघड्यावर साठवू नयेत. मनीप्लांट व तत्सम वेली उंचावर टांगाव्यात. एरंडीची पेंड टाळावी. वापरायचीच असल्यास मातीत खोल मिसळावी व पोते बंद जागी ठेवावे. पिलांना चावण्यासाठी सुरक्षित खेळणी द्यावीत.

सामायिक बागांत झाडांची निवड एकाची आणि कुत्रा दुसऱ्याचा अशी स्थिती असते. आवारातील भटके कुत्रेही त्याच झाडांखाली वावरतात व त्यांची विषबाधा लवकर लक्षात येत नाही. अशा ठिकाणी झाडांवर नावाच्या पाट्या लावल्यास माळी, रहिवासी व पशुवैद्य या तिघांनाही वनस्पती ओळखणे सोपे जाते.

कमी धोक्याच्या वनस्पती

मोगरा, जाई, गुलाब, जास्वंद (हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस), अरेका पाम, स्पायडर प्लांट (क्लोरोफायटम) व बोस्टन फर्न या वनस्पती कुत्र्यांना विषारी मानल्या जात नाहीत. तथापि कोणतीही वनस्पती अधिक प्रमाणात खाल्ल्यास पोट बिघडू शकते आणि गुलाबाच्या काट्यांनी तोंडाला इजा होऊ शकते. फवारणी केलेली निरुपद्रवी वनस्पतीही त्या काळापुरती विषारी समजावी.

हेही पाहा

• कण्हेर
• सायकस
• कळलावी
• गुंज
• एरंड
• अगदतंत्र
• पशुवैद्यक